चांगला स्कूल डिस्ट्रिक्ट कुणाच्या वाट्याला?

अमेरिकेत घर घ्यायचं ठरलं की मराठी कुटुंबात पहिला प्रश्न निघतो तो स्कूल डिस्ट्रिक्टचा, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या हद्दीचा. एडिसन असो, फ्रीमाँट असो की डॅलसजवळचं फ्रिस्को, शाळेला दहापैकी नऊ रेटिंग असेल तर घर जुनं असलं, अंगण हातभर असलं, तरी चालतं. लाखभर डॉलर जास्त मोजायचीही तयारी असते. मग शेजारच्या गावाचा विषय निघतो. तिथे घरं स्वस्त का? 'तिथे स्पॅनिश लोक फार आहेत, शाळा यथातथाच.' आणि त्याला जोडून ठरलेलं वाक्य येतं, की त्यांच्या घरात शिक्षणाला आपल्यासारखं महत्त्व नाही.

हे वाक्य मी इतक्या ठिकाणी ऐकलं आहे की त्याचा प्रतिवाद सविस्तर करावासा वाटतो. लॅटिनो, म्हणजे मेक्सिको आणि लॅटिन अमेरिकेतून आलेल्या कुटुंबांतली मुलं शाळेत मागे पडतात हे आकड्यांत दिसतं, ते नाकारायचं कारण नाही. पण ती का मागे पडतात याचं उत्तर त्यांच्या स्वयंपाकघरात शोधण्याआधी कायद्याच्या पुस्तकात शोधावं. या मुलांच्या शिक्षणाचे नियम शंभर वर्षांत अनेकदा बदलले, आणि ते बदलले तेव्हा मुलांची प्रगतीही बदलली. संस्कृती एवढ्या चटचट बदलत नसते.

आधी प्रश्न केवढा आहे ते पाहू. अमेरिकेच्या सरकारी शाळांत आज दर १०० मुलांपैकी २८-२९ मुलं लॅटिनो आहेत, म्हणजे सुमारे १ कोटी ४० लाख. कॅलिफोर्निया आणि टेक्ससमध्ये तर ती निम्म्याहून अधिक आहेत. या दोन राज्यांतलं शिक्षणधोरण हे मुख्यतः लॅटिनो मुलांचं धोरण आहे, मग विधानसभेत ते कुठल्याही नावाने मांडलं जावो. शिक्षकांत मात्र लॅटिनोंचं प्रमाण ९ टक्क्यांच्या आसपास.

आता आपल्या तुलनेविषयी. अमेरिकेतल्या भारतीय प्रौढांत दर चारांपैकी तिघांकडे किमान पदवी आहे. लॅटिनो प्रौढांत पाचांपैकी एकाकडे. पण भारतात तरी चारांतले तिघे पदवीधर कुठे आहेत? अमेरिकेच्या व्हिसाने आपल्याला चाळणीतून गाळून घेतलं. १९६५च्या स्थलांतर कायद्यानंतर डॉक्टर, इंजिनिअर आले, पुढे एच-वन-बीवर सॉफ्टवेअरवाले आले. मेक्सिकोहून अमेरिकेने माणसं बोलावली ती शेतात राबायला: १९४२ ते १९६४ चाललेल्या ब्रासेरो योजनेत ४० लाखांहून अधिक करार झाले, आणि त्यांत कुणाला मार्कशीट विचारली नव्हती. योजना बंद झाली, त्याच सुमाराच्या १९६५च्या कायद्याने पश्चिम गोलार्धातून येणाऱ्यांवर पहिल्यांदाच संख्येची मर्यादा घातली. शेतातली कामं मात्र तशीच राहिली. तेव्हा पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून आलेल्या बापाच्या मुलीची तुलना लेट्यूस खुडणाऱ्या बापाच्या मुलीशी करून 'संस्कृती'चा निष्कर्ष काढणं हा हिशेबच चुकीचा आहे. निवड आधीच झालेली होती, आणि तीही धोरणानेच.

शाळांकडे येऊ. कॅलिफोर्नियाच्या ऑरेंज काउंटीत १९४०च्या दशकात मेक्सिकन मुलांसाठी वेगळ्या शाळा होत्या. वेस्टमिन्स्टर गावात मेंडेझ कुटुंब शेती करत होतं. ती जमीन त्यांनी मुनेमित्सु या जपानी-अमेरिकन कुटुंबाकडून भाड्याने घेतली होती, कारण त्या कुटुंबाला युद्धकाळात छावणीत डांबलं गेलं होतं. मेंडेझ मुलांची आत्या सोलेदाद विदौरी सगळ्या मुलांना घेऊन जवळच्या शाळेत नाव घालायला गेली. तिची स्वतःची मुलं उजळ रंगाची, आडनाव फ्रेंच वाटावं असं. त्यांना प्रवेश मिळाला. भाच्यांना सांगण्यात आलं, तुमची शाळा वेगळी. बाईंनी आपलीही मुलं परत नेली. गोन्झालो मेंडेझ आणि आणखी चार वडिलांनी खटला भरला.

न्यायालयात शाळांचा बचाव होता भाषेचा: या मुलांना इंग्रजी येत नाही, म्हणून वेगळी ठेवतो. भाषेची धड चाचणी मात्र कुणी घेतली नव्हती. आडनाव आणि चेहरा पाहून वर्ग ठरत होता. १९४६ साली न्यायमूर्ती पॉल मॅकॉर्मिक यांनी शाळांच्या विरुद्ध निकाल दिला आणि त्यात एक साधी गोष्ट नोंदवली, की वेगळं ठेवल्यामुळेच ही मुलं इंग्रजी शिकण्यात मागे पडतात. म्हणजे ज्या उणिवेचं कारण पुढे केलं जात होतं, ती उणीव व्यवस्थाच तयार करत होती. १९४७ साली वरच्या न्यायालयाने निकाल कायम केला आणि त्याच वर्षी राज्याने शाळांतल्या विभाजनाचे उरलेसुरले कायदे रद्द केले. त्यावर सही करणारे गव्हर्नर होते अर्ल वॉरन, सात वर्षांनी वर्णानुसार वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवणाऱ्या ब्राउन खटल्याचा निकाल देणारे सरन्यायाधीश. ब्राउनचं नाव आपल्याकडच्या पदवीधरालाही ठाऊक असतं. मेंडेझचं खुद्द अमेरिकेतही कितीजणांना ठाऊक आहे याची मला शंका आहे.

टेक्ससमध्ये आणखी वेगळी तऱ्हा. तिथे १९१८च्या कायद्याने इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेत शिकवणं गुन्हा ठरवलं होतं. मार्फा या वाळवंटी गावातल्या ब्लॅकवेल शाळेत १९५४ साली मुलांकडून स्पॅनिशचा चक्क दफनविधी करवून घेतला गेला: कागदाच्या चिठ्ठ्या खोक्यात घालून शाळेच्या आवारात पुरायला लावल्या. शाळेत स्पॅनिश बोललं की मार मिळायचा, तो वेगळाच. ती शाळा आता राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे. ज्या पिढीने हा मार खाल्ला त्यातल्या अनेकांनी आपल्या मुलांशी स्पॅनिश बोलणंच टाकलं, आणि आज त्यांच्या नातवंडांना 'तुमचं स्पॅनिश कच्चं आहे' असं ऐकावं लागतं.

पण भाषा हा या प्रश्नाचा दर्शनी भाग आहे. खरं दुखणं पैशाचं आहे, आणि ते समजून घ्यायला सॅन अँटोनियोला जायला हवं.

अमेरिकेत शाळेचा खर्च मोठ्या प्रमाणात स्थानिक मालमत्ता करातून निघतो. घरं महाग तर कर भरपूर, कर भरपूर तर शाळा चांगली, शाळा चांगली म्हणून घरं आणखी महाग. आपण रेटिंग पाहून घर घेतो तेव्हा याच रहाटगाडग्याला एक धक्का देत असतो. सॅन अँटोनियोच्या एजवूड डिस्ट्रिक्टमधली ९० टक्के वस्ती मेक्सिकन-अमेरिकन. १९६८च्या मे महिन्यात तिथल्या हायस्कूलची मुलं वर्गाबाहेर पडली; शाळेची इमारत मोडकळीला आलेली, शिक्षक अर्धवट पात्रतेचे. देमेत्रिओ रॉड्रिग्ज हे हवाई दलाच्या तळावर पत्र्याचं काम करणारे कामगार, त्यांची मुलं याच डिस्ट्रिक्टमध्ये. त्यांनी आणि इतर पालकांनी दावा लावला.

त्या दाव्यातले आकडे पाठ करून ठेवावेत असे आहेत. एजवूडमध्ये दर मुलामागे खर्च होता ३५६ डॉलर. त्याच शहरातल्या, मुख्यतः गोऱ्या वस्तीच्या अलामो हाइट्समध्ये ५९४. आता वाटेल, एजवूडचे लोक कर द्यायला कां-कूं करत असतील. तसं नव्हतं. एजवूड दर १०० डॉलरच्या मालमत्तेवर १ डॉलर ५ सेंट कर घेत होतं, अलामो हाइट्स फक्त ८५ सेंट. गरीब वस्ती जास्त दराने कर भरत होती आणि तिच्या हाती कमी येत होतं, कारण तिथली घरंच कवडीमोलाची होती. ज्यांच्या घरात शिक्षणाला महत्त्व नाही असं आपण म्हणतो, ते आपल्या ऐपतीच्या मानाने श्रीमंतांपेक्षा जास्त भरत होते.

खालच्या न्यायालयात रॉड्रिग्ज जिंकले. १९७३ साली सर्वोच्च न्यायालयात पाच विरुद्ध चार मतांनी हरले. संघराज्याच्या घटनेत शिक्षण हा मूलभूत हक्क नाही, असं न्यायालय म्हणालं. अमेरिकेतल्या लॅटिनो मुलांच्या शिक्षणाचा सगळ्यात महत्त्वाचा दिवस कोणता असं कुणी विचारलं तर मी हाच सांगेन. एक मत इकडचं तिकडे झालं असतं तर पन्नास राज्यांतली शाळांची तिजोरी वेगळ्या रीतीने भरली गेली असती. ते झालं नाही, म्हणून पुढची लढाई राज्याराज्यांत लढावी लागली. एजवूडनेच टेक्ससच्या राज्यघटनेचा आधार घेऊन पुन्हा दावा लावला, १९८९ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तो मान्य केला, आणि १९९३ मध्ये श्रीमंत डिस्ट्रिक्टचा काही कर गरीब डिस्ट्रिक्टकडे वळवणारी पद्धत आली. लोक तिला 'रॉबिन हूड' म्हणतात. म्हणताना सूर बहुधा कुत्सित असतो, विशेषतः ज्यांचा पैसा जातो त्यांचा.

पैशाने फरक पडतो का, हा पुढचा प्रश्न. 'पैसा ओतून काही होत नाही, घरचे संस्कार हवेत' हे मत अमेरिकेत अर्धशतक जोरात होतं. कॅलिफोर्नियाने २०१३ साली गव्हर्नर जेरी ब्राउन यांच्या काळात सूत्र बदललं: गरीब घरचं मूल, इंग्रजी शिकणारं मूल, पालकांविना वाढणारं मूल, यांच्यामागे डिस्ट्रिक्टला जादा पैसे, आणि अशी मुलं फार जास्त असतील तिथे त्याहून जादा. या सूत्राने ज्यांना वाढीव निधी मिळाला त्यांचा माग अर्थतज्ज्ञ रकर जॉन्सन आणि शॉन टॅनर यांनी काढला. हायस्कूलच्या वर्षांत दर मुलामागे हजार डॉलर वाढले तर हायस्कूल पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण पाचेक टक्क्यांनी वाढलं, आणि वाचन-गणितही सुधारलं. त्या काळात कुणाच्या आईने स्वभाव बदलला नव्हता. एक हिशेबाचं सूत्र बदललं होतं.

माझ्या मते याहून बोलकं उदाहरण न्यू जर्सीतल्या युनियन सिटीचं आहे, आणि ते आपल्या लोकांच्या अगदी दाराशी आहे. जर्सी सिटीत राहणारी आपली शेकडो माणसं ज्या हडसन काउंटीत कर भरतात त्याच काउंटीतलं हे दाटीवाटीचं गाव. आधी क्यूबन, नंतर डोमिनिकन, इक्वेडोरियन. घरोघरी स्पॅनिश, उत्पन्न तुटपुंजं. १९८९च्या सुमारास इथल्या शाळा इतक्या वाईट होत्या की राज्य सरकार त्या ताब्यात घेणार होतं. आज हायस्कूल पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण राज्याच्या सरासरीच्या आसपास असतं. मधल्या काळात गावातले गरीब लोक हाकलून श्रीमंत आणले, असं झालेलं नाही. गाव लॅटिनोच राहिलं.

दोन गोष्टी झाल्या. अ‍ॅबट खटल्याच्या मालिकेत न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने राज्यातल्या गरीब शहरी डिस्ट्रिक्टना श्रीमंत उपनगरांइतका निधी द्यायला लावला, आणि १९९८ साली तिथल्या तीन-चार वर्षांच्या मुलांना दर्जेदार बालवाडी देण्याचा आदेश दिला. बालवाडी म्हणजे पाळणाघर नव्हे; पात्र शिक्षक, छोटे वर्ग, पूर्ण दिवस. दुसरी गोष्ट डिस्ट्रिक्टने स्वतः केली. अभ्यासक्रम नव्याने बांधला, मुलांना आधी स्पॅनिशमध्ये वाचायला शिकवलं आणि मग हळूहळू इंग्रजीत आणलं, आणि मुख्य म्हणजे दर दोन वर्षांनी नवा साहेब येऊन सगळं उलटंपालटं करण्याचा खेळ खेळला नाही. पंचवीस-तीस वर्षं तेच काम नेटाने चालू ठेवलं. यात चमत्काराची गोष्ट नाही, म्हणून वर्तमानपत्रांना फारशी गोडी नाही.

चमत्काराच्या गोष्टीला मात्र गोडी असते. पूर्व लॉस एंजेलिसच्या गारफिल्ड हायस्कूलचे हाय्मे एस्कलान्ते यांची कथा सगळ्यांना ठाऊक आहे. बोलिव्हियातून आलेला गणिताचा शिक्षक, गरीब लॅटिनो मुलं, १९८२ची कॅल्क्युलसची परीक्षा. मुलांनी कॉपी केली असा परीक्षा मंडळाला संशय, मग १२ मुलं पुन्हा परीक्षेला बसली आणि सगळी पास झाली. कथा खरी आहे. पण ती सांगताना एस्कलान्ते यांनी त्याआधी कित्येक वर्षं खर्चून खालच्या वर्गांपासून गणिताची फळी उभी केली होती, उन्हाळी वर्ग लावले होते, आणि मुख्याध्यापक त्यांच्या पाठीशी होता, हे गाळलं जातं. तो मुख्याध्यापक गेला, १९९१ साली एस्कलान्तेही गेले, आणि उत्तीर्णांची संख्या घसरली. एका माणसाच्या खांद्यावर उभी असलेली गोष्ट त्या माणसाबरोबर गेली. युनियन सिटीची गोष्ट माणसं बदलली तरी टिकली, कारण तिच्यामागे निधी होता आणि न्यायालयाचा हुकूम होता.

याच एस्कलान्ते यांनी १९९८ साली प्रपोझिशन २२७ला पाठिंबा दिला होता, हे आज त्यांना देव मानणाऱ्या पुष्कळांना अडचणीचं वाटतं. रॉन अन्झ या उद्योजकाने पुढे आणलेल्या या जनमत प्रस्तावाने कॅलिफोर्नियात द्विभाषिक शिक्षण जवळपास बंद केलं: मुलांना साधारण वर्षभर इंग्रजीची तयारी आणि मग थेट इंग्रजी वर्ग. ६१ टक्के मतांनी तो मंजूर झाला. त्यामागे निव्वळ द्वेष होता असं मी म्हणणार नाही. द्विभाषिक म्हणवणारे बरेचसे वर्ग खरोखर सुमार होते. पात्र शिक्षक नाहीत, म्हणून कुणीतरी स्पॅनिश बोलणारा मदतनीस उभा करायचा, आणि मुलं वर्षानुवर्षं तिथेच. आपल्या मुलाला इंग्रजी यावं ही लॅटिनो आईबापांची तळमळ होतीच, आपल्याइतकीच.

मग निकाल काय लागला? पुढच्या वर्षांत मुलांचे गुण वाढले आणि अन्झ यांच्या बाजूने जयघोष झाला. पण गुण सगळ्यांचेच वाढले होते. पहिली ते तिसरीच्या वर्गांत मुलांची संख्या वीसवर आणण्याची योजना १९९६ पासूनच सुरू होती, परीक्षाही नवी आली होती. राज्याने करवून घेतलेल्या पाच वर्षांच्या पाहणीचा २००६ सालचा निष्कर्ष असा होता, की एक पद्धत दुसरीपेक्षा निर्विवादपणे सरस असल्याचा पुरावा नाही. शिवाय कायदा येण्याआधीही इंग्रजी शिकणाऱ्या मुलांपैकी द्विभाषिक वर्गात होती ती ३० टक्क्यांच्या आसपास. उरलेली ७० टक्के आधीपासूनच इंग्रजी वर्गात होती आणि मागेच होती. सगळं खापर द्विभाषिक वर्गांवर फोडणाऱ्यांनी हा आकडा पाहिला नसावा, किंवा पाहून बाजूला ठेवला असावा.

नंतर जास्त चांगला पुरावा आला. स्टॅनफर्डच्या इलाना उमान्स्की आणि शॉन रिअर्डन यांनी २०१४ साली एका मोठ्या शहरी डिस्ट्रिक्टमधल्या लॅटिनो मुलांचा बालवर्गापासून हायस्कूलपर्यंतचा प्रवास तपासला. फक्त इंग्रजीत शिकणारी मुलं प्राथमिक शाळेत पुढे दिसत होती. हायस्कूल येईपर्यंत चित्र उलटलं. दोन भाषांत शिकलेल्यांपैकी जास्त मुलांनी इंग्रजीचे निकष पूर्ण केले. ओरेगनमधल्या पोर्टलंडमध्ये द्विभाषिक शाळांचा प्रवेश सोडतीने होता, त्यामुळे तुलना चोख झाली: आठवीपर्यंत ही मुलं इंग्रजी वाचनात सुमारे नऊ महिन्यांच्या अभ्यासाइतकी पुढे होती. धोरण ठरवणाऱ्यांची अडचण अशी की हे फळ दिसायला आठ-दहा वर्षं लागतात आणि निवडणूक चार वर्षांनी येते. तिसरीतले गुण पाहून निर्णय घ्याल तर चुकीच्या बाजूने घ्याल.

२०१६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी प्रचंड बहुमताने २२७चा गाभा काढून टाकला. पण अठरा वर्षांत द्विभाषिक शिक्षक घडवणारे अभ्यासक्रम ओस पडले होते. कायदा एका मतदानाने परत आणता येतो, शिक्षक येत नाहीत. आणि आता जिथे अशा शाळा निघाल्या तिथे प्रवेशासाठी रांग कुणाची? इंग्रजी बोलणाऱ्या सुखवस्तू घरांची, कारण मुलाला फुकटात स्पॅनिश येतं. आपल्यातलेही पुष्कळ त्या रांगेत आहेत. त्यात गैर काही नाही, पण जागा ज्यांच्यासाठी होत्या ती मुलं बाहेर राहणार नाहीत एवढं डिस्ट्रिक्टने पाहायला हवं. टेक्ससने, गंमत म्हणजे, १९७३ पासून द्विभाषिक शिक्षणाचा कायदा टिकवून धरला आहे. एका इयत्तेत एका भाषेची वीस मुलं झाली की डिस्ट्रिक्टवर जबाबदारी येते. १९९८ साली उदारमतवादी कॅलिफोर्नियाने बंदी घातली आणि एकेकाळी स्पॅनिश पुरणाऱ्या टेक्ससने तेव्हा घातली नाही, हे सरधोपट राजकीय चौकटीत बसत नाही.

इंग्रजी शिकणारं मूल हा शिक्का कसा लागतो तेही पाहण्याजोगं आहे. शाळेत नाव घालताना घरभाषेचा फॉर्म भरावा लागतो. 'मराठी' लिहिलं की मुलाची इंग्रजीची चाचणी होते. म्हणून आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जुनेजाणते नव्यांना सल्ला देतात, 'सरळ इंग्लिश लिहा, नसती भानगड नको.' ही भानगड काय असते हे आपल्याला चांगलं कळलेलं आहे. शिक्का लागलेल्या मुलाला भाषेच्या जादा तासाला बसावं लागतं आणि तो तास विज्ञानाच्या, चित्रकलेच्या किंवा वरच्या गणिताच्या तासाच्या जागी येतो. आपलं मूल चाचणी पास होऊन वर्षभरात सुटतं, कारण घरी इंग्रजी पुस्तकं आहेत आणि शिक्षिकेला ईमेल लिहायला आई समर्थ आहे. लॅटिनो मूल कित्येकदा सहावी-सातवीपर्यंत तिथेच राहतं. इंग्रजी फडाडा बोलतं, पण चाचणीचं पुस्तकी इंग्रजी अडतं. मग हायस्कूलमध्ये कॅलिफोर्नियाच्या सरकारी विद्यापीठांना लागणारे पंधरा विषय पूर्ण होत नाहीत आणि विद्यापीठाचा दरवाजा अर्ज करण्याआधीच बंद. कुणी अन्याय केला असं बोट दाखवता येत नाही, वेळापत्रकाने केला.

इतकं असूनही गेल्या पंचवीस वर्षांत मोठी प्रगती झाली आहे. २००० साली १६ ते २४ वयाच्या लॅटिनो तरुणांपैकी सुमारे २८ टक्के हायस्कूल पूर्ण न केलेले आणि शाळेबाहेर होते. वीस वर्षांत ते प्रमाण ८ टक्क्यांच्या आसपास आलं. यातली थोडी घट कागदी आहे: अमेरिकन शाळेत कधी पाऊलही न टाकलेले तरुण मजूर त्या २८ टक्क्यांत मोजले जात, आणि नंतर मेक्सिकोहून येणाऱ्यांचा ओघच ओसरला. काही शाळांनी संगणकावर चार क्लिक करून नापास विषय सोडवून घेण्याच्या पळवाटाही काढल्या. तरीही उरते ती प्रगती खरी आहे. २००२च्या 'नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड' कायद्याबद्दल मला फारसं प्रेम नाही. २०१४ पर्यंत प्रत्येक मूल शंभर टक्के तयार करण्याचा त्याचा हट्ट हास्यास्पद होता आणि परीक्षेच्या भीतीने गरीब शाळांतून संगीत आणि समाजशास्त्र हद्दपार झालं. पण लॅटिनो आणि इंग्रजी शिकणाऱ्या मुलांचे गुण वेगळे जाहीर करायला त्याने शाळांना भाग पाडलं. त्याआधी चांगल्या सरासरीच्या आड ही मुलं सहज लपवली जात.

आता ही प्रगती पुन्हा धोक्यात आहे, आणि यावेळी धोका शिक्षणखात्याबाहेरून आला आहे. शाळा, दवाखाने, चर्च अशा ठिकाणी स्थलांतरितांची धरपकड टाळायची, हे अनेक वर्षं चालत आलेलं धोरण जानेवारी २०२५ मध्ये रद्द झालं. स्टॅनफर्डचे थॉमस डी यांनी कॅलिफोर्नियाच्या मध्य खोऱ्यातल्या काही डिस्ट्रिक्टची हजेरी तपासली, तेव्हा त्या जानेवारी-फेब्रुवारीत छाप्यांनंतर गैरहजेरी सुमारे २२ टक्क्यांनी वाढलेली आढळली. याआधीच्या त्यांच्या अभ्यासात असंही दिसलं होतं, की स्थानिक पोलिसांनी धरपकडीत भाग घेतला त्या ठिकाणी दोन वर्षांत लॅटिनो मुलांची पटसंख्या जवळजवळ १० टक्क्यांनी घटली. यातली बहुतेक मुलं जन्माने अमेरिकन नागरिक आहेत. जी मुलं घाबरून घरी बसली, त्यांच्या वर्षअखेरच्या गुणांवरून उद्या पुन्हा कुणीतरी त्यांच्या संस्कृतीबद्दल बोलेल. कागदपत्रं नसलेल्या मुलांनाही शाळेत मोफत शिकू द्यावं लागेल, असा १९८२चा प्लायलर खटल्याचा निकाल टेक्ससच्याच कायद्याविरुद्ध लागला होता, तोही पाच विरुद्ध चार असा काठावर. आता काही राज्यांत तो उलटवण्याचे प्रयत्न उघड चालले आहेत.

टेक्ससचाच आणखी एक कायदा घ्या. २००१ साली कागदपत्रं नसलेल्या पण राज्यातच हायस्कूल केलेल्या मुलांना सरकारी विद्यापीठात स्थानिक दराने फी देण्याची मुभा देणारं ते देशातलं पहिलं राज्य ठरलं. रिपब्लिकन गव्हर्नर रिक पेरी यांची त्यावर सही होती. जून २०२५ मध्ये केंद्राच्या न्यायखात्याने त्याविरुद्ध दावा लावला, राज्य सरकारने बचावच केला नाही, आणि चोवीस वर्षांचा कायदा त्याच दिवशी संपला. ह्यूस्टनमध्ये लहानाची मोठी झालेली मुलगी सकाळी स्थानिक होती आणि संध्याकाळी तिची फी परराज्यातल्यासारखी झाली. अभ्यासातली तिची चिकाटी सकाळी होती तेवढीच होती.

आपल्या एच-फोर मुलांचं, म्हणजे एच-वन-बीवाल्या आईबापांच्या व्हिसावर इथे राहणाऱ्या मुलांचं काय होतं ते आठवून पाहा. बाप पंधरा वर्षं ग्रीन कार्डच्या रांगेत. मूल दुसरीपासून इथे शिकलेलं, मराठी शाळेत रविवारी 'शुभं करोति' म्हणणारं, हायस्कूलमध्ये पहिलं. वयाची एकवीस वर्षं पूर्ण झाली की ते आईबापाच्या व्हिसावरून बाहेर पडतं, विद्यार्थी व्हिसा घेतं, कित्येकदा परदेशी विद्यार्थ्याची फी भरतं, किंवा देश सोडतं. लहानपणी आलेल्या, कागदपत्रं नसलेल्या मुलांना हद्दपारीपासून संरक्षण देणाऱ्या २०१२च्या डाका योजनेत त्यांना जागाच नव्हती, कारण ती कायदेशीर मार्गाने आली होती. अशा मुलांबद्दल आपल्या गप्पांत काय म्हटलं जातं? रांग अन्यायाची आहे, कोटा बदलायला हवा, खासदाराला पत्र लिहायला हवं. ते सगळं रास्तच आहे. त्या मुलाच्या घरच्या संस्कारांबद्दल तेव्हा कुणी चकार शब्द काढत नाही.